रुक्माचं ‘पाहिजे’

९ जानेवारी २०२५, गुरुवार

रुक्माला आज यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. पाय थोडा टेकते आता. उजवा हात मात्र उशीवर ठेवला तर तसाच पडून राहतो. समजतं तिला सगळं, डोळ्यांवरून कळतं. बोलता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, “शब्द परत येतील. किती येतील, कधी येतील, ते मी सांगू शकत नाही. काय बोलतात, कशावर बोलतात, रोज लिहून ठेवा.” म्हणून ही वही आणली. बाभुळगावच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला नोंदी ठेवणं काही जड नाही.

तर नोंद पहिली. आठ दिवसांत ती एकच शब्द बोलली आहे. पाहिजे. जीभ अडखळत नाही, उच्चार स्वच्छ. नर्सने विचारलं, आजी, नाव काय तुमचं? म्हणाली, पाहिजे. आमचा मुलगा जीवन पुण्याहून आला, पलंगाच्या पायथ्याशी बसून रडायला लागला, तर त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाली, पाहिजे. काल तो परत गेला तेव्हाही हेच.

खरं लिहायचं तर एवढ्या काळजीतही मला आतून थोडं बरं वाटलं. हजारो शब्द गेले आणि उरला तो मराठीतला. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं. मी शिकवलेलं किती खोल गेलं आहे, बघा.

११ जानेवारी, शनिवार

पाहिजे म्हणजे काहीतरी पाहिजे. काय ते शोधायचं, एवढंच काम आहे, असं समजून सकाळी सुरुवात केली. पाणी दिलं. प्यायली आणि म्हणाली, पाहिजे. चहा दिला. शाल दिली. चष्मा पुसून दिला. देव्हाऱ्यातली सेवालाल महाराजांची तसबीर आणून मांडीवर ठेवली. तिने तसबिरीला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा, पाहिजे.

वर्गात हा शब्द मी फार रंगवून सांगायचो. मूळचा तो ‘पाहणे’ या धातूचा. जुन्या मराठीतलं कर्मणी रूप. पाहिलं जावं, शोधलं जावं, आणि त्यावरून ‘हवं असावं’. मुलांना विचारायचो, ‘मला पाणी पाहिजे’ यात कर्ता कोण? सगळी ओरडायची, मी! मी म्हणायचो, चूक. कर्ता पाणी. मागणारा माणूस चतुर्थीत बाजूला उभा. पोरं हसायची.

दुपारभर ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. राळेगावची बस चार वाजता जाते, ती गेली तेव्हा जरा मोठ्याने म्हणाली, पाहिजे. पश्चिमेचं ऊन सरळ तिच्या डोळ्यांत येत होतं. मी पडदा लावून दिला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ आणला. शेजारच्या रहमत मिस्त्रींची नसरीन येऊन गेली. माझीच विद्यार्थिनी, आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपवून रोज संध्याकाळी रुक्माच्या हाताचा व्यायाम करून घेते. वडी तिच्या तोंडात घालत म्हणाली, “काकू, गोड गोड बोला आता.” रुक्मा हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली.

१९ जानेवारी, रविवार

आज दिवसभर जुनं आठवत होतं.

चौऱ्याऐंशी साल. मला शाळेत लागून एक वर्ष झालं होतं. लग्न करून रुक्माला तिच्या तांड्यावरून इथे आणलं. अठरा वर्षांची होती. एक पत्र्याची पेटी आणि आरसे लावलेली एक पिशवी एवढं सामान. बसस्टँडमागे एक खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, या घरात मराठीच बोललं पाहिजे. आपली बोली तांड्यावर ठेवून यायची. ती मान हलवून हो म्हणाली.

पेटीच्या झाकणावर खडूने लिहून शिकवायचो. संध्याकाळी शाळेतून आलो की आधी धडा, मग जेवण. पहिलं वाक्य, मला पाणी पाहिजे. ती म्हणायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. पुढे पुढे चुलीपुढे भाकरी थापतानाही पाठ करायची. मला भाजी पाहिजे. मला मीठ पाहिजे. आम्ही भाकरीला बाटी म्हणतो. एकदा चुकून तिच्या तोंडून ‘बाटी’ निघालं, तर मी ती पूर्ण भाकरी तशीच ठेवली आणि म्हटलं, आधी नाव नीट घे. तीही हट्टी. त्या दिवशी दोघंही जेवलो नाही. नंतर किती वर्षं या गोष्टीवर मी पाहुण्यांना हसवायचो.

तिने मला नावाने हाक मारणं शक्य नव्हतं आणि बोलीतली हाक मी बंद केलेली. मग मुलांचं ऐकून ती मला ‘सर’ म्हणायला लागली. गल्लीत सगळ्यांना फार गंमत वाटायची. मलाही वाटायची.

जीवन झाला तेव्हा ती त्याला निजवताना तांड्यावरचं काहीतरी गुणगुणायची. मी समजावलं, लहानपणी कानावर पडतं तेच जिभेवर राहतं. तिला पटलं असावं. कारण नंतर तिचं गाणं मी ऐकलं नाही.

चांगले दिवस होते ते. खोली एकच होती, पण त्या पेटीच्या झाकणाएवढा फळा मला पुढे कुठल्या वर्गात मिळाला नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

यवतमाळला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेलो. तरुण आहेत, शांत आहेत. चित्रं दाखवली. घर, गाय, तांब्या. रुक्मा प्रत्येकाला पाहिजे म्हणाली, मग चित्रं बाजूला सारली.

एक फॉर्म भरायचा होता. घरात कोणती भाषा बोलता? मराठी. रुग्णाची मातृभाषा? मी मराठी लिहिलं. बाईंनी विचारलं, “लहानपणापासून मराठीच ना?” मी म्हटलं, “हो.” रुक्मा माझ्याकडे बघत होती.

बाईंनी रोज दहा मराठी शब्दांचा सराव सांगितला आहे. उद्यापासून सकाळी एक तास. तक्ता मीच तयार करणार.

२७ जानेवारी, सोमवार

चार दिवस सराव केला. एकही शब्द नाही. आज तिने तक्ता उलटा करून ठेवला.

३० जानेवारी, गुरुवार

नसरीन आज एक वेगळंच बोलली. हाताचा व्यायाम झाला आणि नेहमीप्रमाणे तिने विचारलं, “काकू, काय होना तुमाले?” रुक्मा म्हणाली, पाहिजे. नसरीन तिच्याकडे पाहत राहिली. मग ओट्यावर येऊन मला म्हणाली, “सर, एक सांगू का? काकूंले काही होना असं मले नाही वाटत. त्या मागून नाही राह्यल्या, त्या सांगून राह्यल्या.”

“काय सांगतात?”

“ते मले काय माहीत? पण तुमच्याकडे पाहून म्हणतात तवा आवाज वायला असते, येगळाच. माह्या बापाकडे पाहून माही माय म्हणते ना, ‘आतातरी गेले पायजे’, तसा.”

मी तिला म्हटलं की हा शब्दाचा दुसरा अर्थ झाला. कर्तव्याचा. ‘मी गेलं पाहिजे’, ‘तू अभ्यास केला पाहिजेस’. इथे पाहिजे एकटं येत नाही, आधी दुसरं क्रियापद लागतं. रुक्माच्या बाबतीत ते क्रियापद हरवलं आहे, असं फार तर म्हणता येईल.

“मंग ते तुमीच शोधा ना सर,” नसरीन म्हणाली. चप्पल घालून ती आपल्या घरी गेली.

विचार करत बसलो. हुकूम करायचा आणि करणाऱ्याने दिसायचं नाही, याची या शब्दात फार चांगली सोय आहे. ‘मराठी बोललं पाहिजे’ म्हटलं की कोण म्हणतो, कोणासाठी, काही सांगावं लागत नाही. वर्गात मी हेच कौतुकाने सांगायचो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी बातमी! आज रुक्मा दोन शब्द बोलली.

जेवायला बसलो होतो. मी नेहमीसारखं म्हटलं, “भाकरी. म्हण, भाकरी.” तिने ताटावरची भाकरी डाव्या हाताने उचलली, परत ठेवली आणि सावकाश म्हणाली, “पाहिजे होतं.”

पाहिजे होतं! भूतकाळ! मी ताटावरून उठलोच. जीवनला फोन केला, नसरीनला खिडकीतून हाक मारून सांगितलं. काळ परत आला म्हणजे व्याकरण परत येत आहे. जीवन म्हणाला, “बाबा, पण काय पाहिजे होतं आईला?” मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही, रूप महत्त्वाचं आहे.

तिला खूप शाबासकी दिली. ती भिंतीकडे तोंड करून निजली. थकली असावी.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री जीवनचा प्रश्न डोक्यातून जाईना. ‘पाहिजे’ला एकदा भूतकाळ लागला की तो न झालेल्या गोष्टीचाच असतो. जायला पाहिजे होतं, म्हणजे गेलो नाही. सांगायला पाहिजे होतं, म्हणजे सांगितलं नाही. उदाहरणं म्हणून हजार वेळा फळ्यावर लिहिलं आहे हे.

९ फेब्रुवारी, रविवार

जमनी आली. रुक्माची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून राळेगाव तालुक्यात तांड्यावर भावाकडे, हिरासिंगकडे राहते. दुपारच्या बसने न कळवताच आली. चप्पल काढता काढता मला म्हणाली, “भाऊजी, महिना झाला अन् मले आता जीवनच्या फोनवरून समजते? कायले लपवून ठेवलं?”

मी म्हटलं, लपवलं नाही, डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलं होतं. डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं. तांड्यावरची माणसं आली की घरात बोलीचा कालवा होईल आणि सरावात खंड पडेल, असं मला वाटलं होतं.

जमनी आत गेली आणि बहिणीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. आमच्याकडे बाया रडताना रडत रडतच बोलतात, त्याला एक चाल असते. चाळीस वर्षांत या घरात ती चाल वाजली नव्हती. मी दारात उभा होतो. जमनी म्हणत होती ते मला अर्धं समजत होतं, अर्धं नाही.

आणि मधेच रुक्माचा आवाज आला. “बाई.”

आमच्यात बहिणीला बाई म्हणतात. मग पुन्हा, “बाई, बाई.” आणि मग एक शब्द, जो मी ओळखला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून दोघी आत आहेत. जमनी बोलते, रुक्मा मधून मधून एखादा शब्द टाकते. सात शब्द मोजले मी दाराबाहेरून. सगळे बोलीतले. वहीत लिहायला बसलो तर त्यातल्या चारांचे अर्थ मला येईनात. आईच्या मांडीवर शिकलेली भाषा, आणि शब्दार्थ विचारायला दुसऱ्याकडे जायचं.

सगळ्यात वाईट हे की आपल्या बोलीत ‘पाहिजे’ला काय म्हणतात, ते मला आठवेना. ओट्यावर एक तास बसलो. हिंदीतला आठवला, नसरीनचा ‘होना’ आठवला, पुस्तकी ‘हवे’ आठवलं. माझा आठवला नाही. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन जमनीला विचारलं.

ती तव्यावरची भाकरी उलटताना थांबली. “चावच,” म्हणाली. “आमच्या तांड्यात चावच म्हणते. तुमी इसरले, भाऊजी?”

मी माठातून पाणी घेतलं.

“बाई नाही इसरली,” ती म्हणाली. “मले काल तेच म्हने. तांडो चावच.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यवतमाळच्या बाईंना फोन केला. म्हटलं, फॉर्ममध्ये एक चूक झाली आहे. तिची मातृभाषा मराठी नाही. माझीही नाही. बंजारा आहोत आम्ही.

बाईंनी कागद चाळले. “सर, हे आधी सांगायला पाहिजे होतं,” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. “कधी कधी पहिली भाषा आधी परत येते. नेहमीच येते असं नाही. पण ती भाषा बोलणाऱ्यांत त्यांना राहू द्या. तक्ते सध्या राहू द्या.”

का लिहिलं मी मराठी? ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. पाचवीत वसतिगृहात गेलो तेव्हाची गोष्ट. जूनचं ऊन होतं. वर्गात हात वर करून पाणी मागितलं ते घरच्या बोलीत. सगळा वर्ग हसला. वामनराव मास्तर म्हणून होते, स्वभावाने वाईट नव्हते. म्हणाले, मराठीत माग, लगेच मिळेल. मला ‘पाहिजे’ माहीत होतं, पण त्या क्षणी ते सापडेना. तोंड उघडून उभा राहिलो. मधली सुट्टी होईपर्यंत पाणी प्यायलो नाही. त्या रात्री अंथरुणात हजार वेळा घोकलं, मला पाणी पाहिजे, मला पाणी पाहिजे. घोकता घोकता दुसरं काही निघून चाललं आहे, हे दहा वर्षांच्या मला कसं समजणार.

आणि अठरा वर्षांच्या रुक्माला पहिलं वाक्य तेच शिकवलं. गेल्या महिन्यात याच वहीत मी ते गंमत म्हणून लिहिलं आहे. पान उलटून वाचलं. पुढे वाचवलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. तांडा

हिरासिंगने गाडी पाठवली होती. मी, रुक्मा, जमनी. माझ्या पिशवीत दोन सदरे, एक धोतर, औषधं आणि ही वही. चार दिवसांचं सामान घेतलं आहे.

राळेगावच्या पुढे फाट्यापासून आत दीड किलोमीटर. रस्ता आता डांबरी आहे. बहुतेक घरं सिमेंटची झाली, एका छतावर मोबाईलचा टॉवर आहे. आरशांचा घागरा घातलेली एकच म्हातारी दिसली. तिने मला पाहून खाटेवर हात थोपटला. “आव, बेस.” ये, बस. एवढं मला आलं. डोळे भरून आले म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

गाडीतून उतरताना रुक्माने कोणाचा हात धरला नाही. काठी टेकत अंगणापर्यंत गेली. बाया जमल्या. मला पुरुषांत बसवलं आणि चहा दिला. सगळे मला ‘गुरुजी’ म्हणून शुद्ध मराठीत बोलत होते, जपून, मी चुका काढीन अशा भीतीने.

५ मार्च, बुधवार

चार दिवसांचे बारा झाले. होळी आठ दिवसांवर आली म्हणून दुपारी कामं आटोपली की बायांची लेंगी सुरू होते. फेर धरून, टाळ्या देत, होळीची गाणी. लहान होतो तेव्हा आई या दिवसांत घरात सापडायची नाही. तिच्या पायांतल्या कड्यांचा आवाज ओळखून आम्ही तिला गर्दीतून शोधायचो.

रुक्मा खुर्चीवर बसून बघत होती. एक गाणं सुरू झालं, संथ चालीचं. तिसऱ्या ओळीला मला वाटलं कोणीतरी नवीन आवाज लावला. रुक्मा गात होती. शब्द, शब्दाला शब्द. कुठे अडली नाही. जिला ‘भाकरी’ म्हणता येत नव्हतं, ती पूर्ण कडवं म्हणत होती. बाया थांबल्या नाहीत, उलट चाल आणखी हळू केली. जमनी रडत रडत टाळी देत होती.

गाणं संपलं आणि शब्द गेले. तिने पुढे काही बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पण चेहरा असा होता की मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

हे गाणं तिच्यात होतं. एवढी वर्षं, माझ्याच घरात, माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडताना होतं. मी ऐकायला पाहिजे होतं.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. काल सकाळी वर्षात जन्मलेल्या बाळांना आशीर्वाद देण्याचा धुंडचा कार्यक्रम, दुपारी रंग. रुक्माच्या गालावर अजून गुलाल आहे. आता ती रोज पंधरा-वीस शब्द बोलते. मराठीतला एकच नवा आला आहे. ‘नको.’ आणि तो आज माझ्यासाठीच आला.

मी सकाळी म्हटलं, “सोमवारी यवतमाळची तारीख आहे. उद्या परत निघायला पाहिजे.”

“नको.”

“घर बंद आहे, रुक्मा. किती दिवस इथे राहायचं?”

“नको.”

“मग मी काय करू?”

ती बराच वेळ शब्द शोधत होती. ओठ हलत होते. डाव्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही धरली, कॉलर धरून ओढली, जिथे विरली आहे तिथे बोट घातलं. मग खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे हात केला. मग म्हणाली, “जा.”

आमच्या बोलीतही जा आणि मराठीतही जा. याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

शहरी सदरा धरून दाखवला मला. कोपरा दाखवला. इथे तुझी जागा नाही, असंच की नाही? एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेली ही पहिली आज्ञा आहे. पाळायला नको का? यवतमाळच्या बाईंना तारीख पुढे ढकलायला फोन केला आणि अकराच्या बसने निघालो. बसमध्ये वाटत होतं, तिचं बरोबर आहे.

१९ मार्च, बुधवार. बाभुळगाव

घर फार मोठं आहे. नसरीनने डबा आणून दिला. विचारलं, काकू कशा आहेत? बऱ्या आहेत म्हटलं. तुमी काहून आले मंग? मी म्हटलं, तिने पाठवलं.

पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून पुसली. झाकणावर खडूची एकही खूण नाही. असणार तरी कशी.

२१ मार्च, शुक्रवार

काही नाही. पुस्तकं आवरली.

२४ मार्च, सोमवार

दुपारी जमनीचा फोन.

“भाऊजी, कपडे आणाले इतके दिस लागते का?”

मी म्हटलं, कसले कपडे?

“आता पाहा! बाईनं सांगतलं ना तुमाले. दोनच सदरे, एक धुतला की दुसरा, कॉलर फाटली. सामान घेऊन या म्हणून पाठवलं तुमाले. कोपरा झाडून ठेवला तुमच्या पेटीसाठी, रोज झाडते मी. बाई चार वाजले की फाट्याच्या रस्त्यावर खुर्ची टाकाले लावते. रोज. मी म्हटलं फोन करते, तर नको म्हने, येईल तो. आज दहावा दिस आहे. आज मलेच नाही राहवलं.”

मी अंगातल्या सदऱ्याची कॉलर चाचपली. तिकडून जमनी हॅलो, हॅलो करत होती. “भाऊजी, तुमी काय समजले?”

“मी...” म्हटलं. “मी व्याकरण चुकलो.”

“काय?”

“काही नाही. उद्या येतो.”

मग नसरीनच्या घरी गेलो आणि किल्ली तिच्या हातात दिली. “सर, किती दिवस?” तिने विचारलं. मी म्हटलं, “ते माझ्या हातात नाही.” ती हसली. तिच्या वडिलांनी पेटीची कडी सैल झाली होती ती ठोकून दिली.

२५ मार्च, मंगळवार. तांडा

पेटी बसच्या मागच्या सीटजवळ ठेवली होती. कंडक्टर म्हणाला, बाबा, बदली झाली का? हो म्हटलं.

फाट्यावर उतरलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. रस्त्याच्या कडेला पळसाखाली ती बसलेली दिसली. आज खुर्ची नव्हती, लांब लाकडी बाक होता, शाळेतल्यासारखा. हिरासिंगने कुठून तरी आणला असावा. पेटी ओढत मी जवळ गेलो. दम लागला होता. काय बोलायचं ते बसमध्ये बोलीत जुळवून ठेवलं होतं, तीन वाक्यं, त्यातली दोन चुकीची असणार. एकही आठवलं नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. काठी दुसऱ्या बाजूला घेतली आणि बाकावर थोडी सरकली.

मी बसलो. पळस सगळा लाल झाला आहे. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.